साडी, जरी आणि हिरा : डिंडोलीत शिकूया प्रकाश

सुरतेच्या डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. कुणाचे वडील लूम्सच्या खात्यावर कामाला जातात, कुणाचे काका डाइंग मिलमध्ये असतात. कुणाच्या घरी आई आणि मावशी साड्यांचे धागे कापतात, टिकल्या नि स्टोन चिकटवतात. शेजारचा एखादा दादा वराछाला हिरे घासायला जातो.

कामं वेगवेगळी, पण साडीचा रंग, जरीची चमक आणि हिऱ्याचं तेज ही तिन्ही प्रकाशाची करणी आहे. दिवे गेलेल्या खोलीत शंभर रुपयांची साडी आणि लाखाचा हिरा, दोन्ही सारखेच दिसेनासे होतात. शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचा धडा असतो आणि त्यातले नियम परीक्षेसाठी पाठ केले जातात. पण याच नियमांवर या शहरातल्या लाखो माणसांची रोजीरोटी चालते. म्हणून ते नियम आपल्याच घरातल्या, गल्लीतल्या वस्तूंवर तपासून शिकावेत, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याला दिसतं म्हणजे काय होतं?

फार पूर्वी युक्लिडसारख्या मोठमोठ्या ग्रीक विद्वानांनाही वाटे की डोळ्यांतून किरण निघतात आणि ते वस्तूला जाऊन भिडले की वस्तू दिसते. साधारण हजार वर्षांपूर्वी बसरा शहरात जन्मलेल्या इब्न अल्-हैथम या शास्त्रज्ञाने ही समजूत खोडून काढली. त्याचा एक मुद्दा अगदी साधा होता. प्रखर उजेडाकडे पाहिलं की डोळे दिपतात, दुखतात. म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यांत येत असलं पाहिजे. डोळ्यांतूनच किरण निघत असते, तर अंधारातही आपल्याला दिसायला हवं होतं.

तेव्हा दिसण्याचा क्रम असा : सूर्य किंवा दिवा यांसारख्या स्रोतापासून प्रकाश निघतो, वस्तूवर पडतो, तिथून परततो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. यातला एक टप्पा जरी चुकला, तरी वस्तू दिसत नाही. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सूर्याचा प्रकाश त्याच्यावरून परत येतो म्हणून तो आपल्याला दिसतो. पुढे जे काही पाहायचं आहे, ते या प्रवासात वाटेवर काय काय घडतं त्याविषयी आहे.

वाट सरळ, वेग अफाट

एकाच माध्यमातून, म्हणजे नुसत्या हवेतून किंवा नुसत्या पाण्यातून जाताना प्रकाश सरळ रेषेत जातो. निर्वात जागेत त्याचा वेग सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर असतो. सुरतेहून जळगावला रेल्वेने जायचं तर साधारण ३०० किलोमीटर पडतात. प्रकाश तेवढं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात कापेल. चंद्रावरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वा सेकंद लागतो, सूर्यावरून यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद. आत्ता खिडकीतून आलेलं ऊन आठ मिनिटांपूर्वीच सूर्यावरून निघालेलं आहे. प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो याचा पहिला पक्का पुरावा १६७६ मध्ये ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दिला. तो गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा टिपत होता. पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ती ग्रहणं उशिरा दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं. प्रकाशाला जास्त वाट चालावी लागते म्हणून हा उशीर होतो, असं त्याने सांगितलं.

प्रकाश सरळ जातो म्हणूनच सावली पडते. दिवा ठिपक्याएवढा असेल तर सावलीची कड रेखीव येते. दिवा लांबरुंद असेल, ट्यूबलाइटसारखा, तर सावलीला दोन भाग पडतात. मधल्या गडद भागात दिव्याचा एकही किरण पोहोचत नाही, ती प्रच्छाया. कडेच्या फिकट भागात दिव्याच्या काही भागाचा उजेड पोहोचतो, ती उपच्छाया. ट्यूबखाली हात जमिनीजवळ धरा आणि मग हळूहळू वर घ्या. गडद भाग आक्रसत जाईल, फिकट भाग पसरत जाईल.

सावलीचा हाच खेळ २२ जुलै २००९ रोजी सुरतेवर झाला होता. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं आणि चंद्राची प्रच्छाया सुरतेवरून गेली. सूर्य उगवून थोडाच वेळ झाला होता, आणि पुन्हा अंधार पडला. हा अंधार तीन मिनिटांहून थोडा अधिक टिकला. मुंबई फक्त उपच्छायेत होती, त्यामुळे तिथे ते ग्रहण खंडग्रास होतं. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरातल्या मोठ्यांना विचारा, सुरतेत असतील तर त्यांना ती सकाळ आठवत असेल. तेव्हा पावसाळा होता. पण आकाशात ढग असोत वा नसोत, प्रच्छाया येते तेव्हा अंधार पडतोच, कारण त्या जागेपुरती सूर्याची वाटच चंद्राने अडवलेली असते.

वस्तू भेटली की तीन शक्यता

प्रकाशाच्या वाटेत वस्तू आली की तीनच गोष्टी होऊ शकतात. वस्तू प्रकाश शोषून घेते, किंवा परत पाठवते, किंवा आपल्यातून पलीकडे जाऊ देते. बहुतेक वेळा तिन्ही थोड्या थोड्या प्रमाणात घडतात. खिडकीची काच पारदर्शक असली तरी रात्री आतून तिच्यात आपला चेहरा दिसतोच, कारण थोडा प्रकाश ती परतही पाठवते. बाहेर अंधार असल्यामुळे तेवढासा प्रकाशही पुरतो. तेल लावलेला कागद अर्धपारदर्शक असतो आणि लाकडी फळी अपारदर्शक. साडी, जरी आणि हिरा या तीन शक्यतांची तीन उत्तम उदाहरणं आहेत.

साडी : शोषलेला प्रकाश

सूर्याचा प्रकाश पांढरा दिसला तरी त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. साडीला दिलेला रंग त्यातले काही रंग शोषतो आणि उरलेले परत पाठवतो. लाल साडी निळा-हिरवा भाग बराचसा शोषून टाकते आणि तांबडा भाग परत पाठवते. तो आपल्या डोळ्यांत येतो म्हणून ती लाल. काळं कापड जवळपास सगळंच शोषतं, आणि शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते. मे महिन्यात गच्चीवर काळं आणि पांढरं कापड शेजारी शेजारी वाळत घालून थोड्या वेळाने हात लावला, की फरक हाताला कळतो.

आता एक करून पाहा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या धरा आणि तो उजेड हिरव्या काठाच्या लाल साडीवर टाका. साडी उजळ दिसेल आणि काठ काळपट. हिरव्या काठाला परत पाठवण्यासाठी हिरवा प्रकाश मिळालाच नाही, जो लाल मिळाला तो त्याने शोषून घेतला. म्हणजे वस्तूचा रंग ठरवण्यात दोघांचा हात असतो, वस्तूचा आणि तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचाही.

रिंग रोडच्या कापड बाजारात अनुभवी गिऱ्हाईक साडी दुकानाबाहेर नेऊन उन्हात पाहतं, ते याचसाठी. पांढऱ्या एलईडी दिव्यात मुळात निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर लेप. दोन्ही मिळून उजेड पांढरा दिसतो, पण त्यातलं रंगांचं प्रमाण उन्हासारखं नसतं. त्यामुळे साडीचा आणि ब्लाउजपीसचा रंग दुकानाच्या दिव्याखाली तंतोतंत जुळतो आणि घरी येऊन उन्हात धरल्यावर वेगळा दिसतो. रंगाईच्या धंद्यात शेड जुळवताना ही अडचण नेहमीची असते. म्हणून तिथे एका खास पेटीत कापडाचे नमुने ठेवून वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहतात. त्यातला एक दिवा दिवसाच्या उजेडाशी जुळणारा असतो. जगभर त्यासाठी डी-६५ हे एकच प्रमाण मानलं जातं, म्हणजे सुरतेत पास झालेली शेड दुसऱ्या देशातही तशीच दिसावी.

जरी : परतलेला प्रकाश

प्रकाश परत फिरतो तेव्हा तो मनमानी करत नाही. आरशावर एक किरण पडला आणि त्या जागी आरशाला काटकोनात एक रेषा काढली, तर तिला स्तंभिका म्हणतात. आत येणारा किरण स्तंभिकेशी जेवढा कोन करतो, तेवढाच कोन करून तो दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, आणि दोन्ही किरण व स्तंभिका एकाच पातळीत असतात. परावर्तनाचा सगळा नियम एवढाच.

मग आरशात चेहरा दिसतो आणि भिंतीत का दिसत नाही? भिंतीवरचा प्रत्येक किरण हाच नियम पाळतो, पण भिंत खरबरीत असते. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांवरच्या स्तंभिका वेगळ्या दिशांना वळलेल्या असतात. किरण सगळीकडे विखुरतात आणि प्रतिमा तयार होत नाही. या अनियमित परावर्तनाचे आपल्यावर उपकारच आहेत. पुस्तकाचं पान आरशासारखं असतं, तर ते एकाच कोनातून डोळे दिपवणारं आणि बाकी ठिकाणांहून काळं दिसलं असतं.

सुरतेच्या जरीत ही दोन्ही परावर्तनं शेजारी पाहायला मिळतात. अस्सल जरीसाठी चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करतात, मग ती चापट करतात. या चापट तारेला बादला म्हणतात. बादला रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत तांब्याची तार असते, आणि सगळ्यात स्वस्त जरीत धातूचा पातळ थर दिलेली प्लास्टिकची पट्टी. तिन्हींत चमक येते ती चापट, गुळगुळीत पृष्ठभागामुळे. तार गोल ठेवली असती तर प्रकाश चहूबाजूंना पसरला असता. चापट केल्यावर त्या इवल्याशा पट्टीचा आरसा होतो आणि ती प्रकाशाचा झोत एका दिशेने पाठवते. साडी नेसलेली बाई चालते तेव्हा निऱ्या हलतात, प्रत्येक आरशाचा कोन बदलतो, आणि कधी हा तर कधी तो आपल्या डोळ्यांकडे झोत टाकतो. साडीचं चमचमणं ते हेच. बाजूचा सुती धागा मात्र तंतुमय असल्यामुळे कुठूनही पाहिला तरी एकसारखा, शांत दिसतो.

पाणी : वाकलेला प्रकाश

एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरका शिरताना प्रकाशाची दिशा बदलते. याला अपवर्तन किंवा वक्रीभवन म्हणतात. कारण वेगात आहे. हवेत ३ लाख किलोमीटरच्या जवळपास असलेला वेग पाण्यात सुमारे सव्वादोन लाख होतो, काचेत २ लाख. कापडाचे तागे लादलेली हातगाडी डांबरी रस्त्यावरून वाळूत तिरकी शिरली, तर वाळूत आधी गेलेलं चाक मंदावतं, दुसरं अजून वेगात असतं, आणि गाडी आपोआप वळते. प्रकाशही असाच वळतो. सरळ काटकोनात शिरला तर वेग कमी होतो, पण दिशा बदलत नाही.

पाण्याच्या तळावरून येणारे किरण पृष्ठभागापाशी वाकतात. आपला मेंदू मात्र ते सरळच आले असं धरून चालतो. त्यामुळे वरून पाहताना पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच खोल भासतं. ४ फूट पाणी ३ फूट वाटतं, ८ फूट पाणी ६ फूट. काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ दिसतं. डिंडोलीचा तलाव असो, तापीचा काठ असो की सुट्टीत गेल्यावर मामाच्या शेतातली विहीर असो, तळ दिसतो म्हणून पाणी उथळ आहे असं कधीही समजू नका. धड्यातला एवढा एक भाग लक्षात राहिला तर जीव वाचू शकतो.

हिरा : कोंडलेला प्रकाश

प्रकाश पाण्यातून किंवा काचेतून हवेत बाहेर पडताना स्तंभिकेपासून दूर वाकतो. आतून अधिकाधिक तिरका किरण पाठवत गेलं, तर एका मर्यादेनंतर तो बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा आत परततो. या मर्यादेला क्रांतिक कोन आणि या घटनेला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पाण्यासाठी हा कोन सुमारे ४८.६ अंश आहे, साध्या काचेसाठी सुमारे ४२ अंश. हिऱ्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सव्वा लाख किलोमीटरच्याही खाली येतो, आणि त्याचा क्रांतिक कोन अवघा २४.४ अंश आहे. हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाला बाहेर पडायला म्हणूनच फार अरुंद वाट उरते.

हिरा घासणारा कारागीर फिरत्या चाकतीवर हिऱ्याचीच भुकटी लावून पैलू पाडतो. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात आणि खालचा भाग निमुळता होत जातो. १९१९ मध्ये मार्सेल टोलकोव्स्की याने गणित करून दाखवलं की खालच्या पैलूंचा उतार ४०.७५ अंशांच्या आसपास असावा. टेबलावर सरळ वरून आलेला किरण खालच्या पैलूवर नेमका तेवढ्याच कोनात आदळतो. ४०.७५ हे २४.४ पेक्षा बरंच मोठं, म्हणून किरण बाहेर पडत नाही. तो समोरच्या पैलूवर जातो, तिथूनही परततो आणि वरून आपल्या डोळ्यांकडे येतो. पैलूंचा उतार चुकला, घाट फार उथळ किंवा फार खोल झाला, तर प्रकाश खालून किंवा बाजूने निसटतो आणि तोच हिरा मलूल दिसतो. भिंगातून पुन्हा पुन्हा कोन तपासणाऱ्या कारागिराची नजर या अंशांवरच असते.

हाच घाट साध्या काचेला दिला तर? काचेची मर्यादा ४२ अंशांच्या जवळ, आणि किरण आदळतो ४०.७५ वर. मर्यादेच्या आतच असल्यामुळे बराचसा प्रकाश खालून निघून जातो. आता घरी साडीवर लावायला आणलेले स्टोन उलटे करून पाहा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या अशा खड्यांच्या पाठीला बहुधा आरशासारखा चंदेरी लेप असतो. प्रकाश स्वतःहून परत फिरत नाही, म्हणून त्याला आरसा लावून परत पाठवावं लागतं. लेप खरवडला की खड्याची चमक गेलीच.

हिऱ्यातून निघणाऱ्या रंगीत ठिणग्यांचं कारण आणखी वेगळं आहे. अपवर्तन होताना सगळे रंग सारखे वळत नाहीत. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त. त्यामुळे पांढरा प्रकाश तानापिहिनिपाजा या क्रमाने उलगडतो. याला अपस्करण म्हणतात. आयझॅक न्यूटनने १६६६ च्या सुमारास काचेच्या लोलकातून हे दाखवलं, आणि वेगळे झालेले रंग पुन्हा एकत्र आणून पांढरा प्रकाशही मिळवला. पावसाच्या थेंबांत तेच घडतं आणि इंद्रधनुष्य दिसतं. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि पाऊस समोर हवा, म्हणून संध्याकाळचं इंद्रधनुष्य पूर्वेला शोधायचं. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल तर जमिनीवरून ते दिसतच नाही. भर दुपारी शोधण्यात अर्थ नाही.

आकाश निळं आणि सिग्नल लाल

हवेच्या रेणूंवर आदळून प्रकाश सगळीकडे फेकला जातो, त्याला विकिरण म्हणतात. निळा प्रकाश तांबड्याच्या मानाने जवळपास सहापट जास्त विखुरतो. म्हणून आकाशात जिकडे पाहावं तिकडून निळा येतो. मावळतीला सूर्यकिरणांना हवेतून फार लांबचा प्रवास करावा लागतो. निळा वाटेतच विखुरला जातो आणि तांबडा-नारिंगी तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. उधना-जळगाव मार्गावरच्या लाल सिग्नललाही हाच गुण उपयोगी पडतो, कारण लाल प्रकाश कमी विखुरतो आणि लांबून दिसतो.

विकिरणाचा सगळ्यात मोठा शोध भारतात लागला. १९२१ मध्ये जहाजातून प्रवास करताना चंद्रशेखर वेंकट रामन यांना समुद्राच्या निळाईने प्रश्न घातला. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांना दिसलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा भागाचा रंग किंचित बदलतो, आणि हा बदल पदार्थागणिक वेगळा असतो. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन त्याच शोधामुळे. पुढे रामन यांनी कितीतरी हिरे जमवून त्यांचा अभ्यास केला. आज खडा हिऱ्याचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे ओळखायला रामन परिणाम वापरतात.

आता तुमची पाळी : बिनसावलीची दुपार

शेवटी एक प्रयोग, जो डिंडोलीतल्या मुलांनी करावाच असा आहे. कर्कवृत्त गुजरातमधून जातं आणि सुरत त्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या आसपास आणि जुलैच्या मध्याला, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच लपते. हा शून्य सावलीचा दिवस. पालनपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे असा दिवस कधीच येत नाही. जुलैत ढगांचा भरवसा नाही, म्हणून मे महिना गाठा.

गच्चीवर सपाट जागी पाइपचा एक तुकडा उभा करा. तो अगदी उभा आहे ना, हे ओळंबा लावून तपासा; ओळंबा नसेल तर दोऱ्याला दगड बांधा. १२ वाजून २० मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपत जा. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, सावलीकडेच पाहायचं. १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सावली नाहीशी झालेली दिसेल.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा गावाला गेलेले असतील, आणि ते आणखीच चांगलं. जळगाव, भुसावळ आणि सुरत जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे तिथेही हा दिवस एखाद्या दिवसाच्या फरकाने येतो. जळगाव पूर्वेला असल्यामुळे तिथे सूर्य आधी डोक्यावर येतो. डिंडोलीतल्या मित्राने आणि जळगावातल्या तुम्ही आपापल्या वेळा टिपून फोनवर ताडून पाहा. फरक अकरा मिनिटांच्या आसपास यायला हवा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. तेव्हा मिळालेल्या मिनिटांना चारने भागा आणि दोन गावांच्या रेखांशांत किती अंतर आहे ते काढा. मग नकाशा उघडून उत्तर तपासा. ते थोडं चुकलं तर पाइप तिरका होता की घड्याळ मागे होतं, याचा शोध घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.